सातवी सही

तालदी वस्ती, बिश्केक
१९ एप्रिल

प्रिय बुरुल,

आपल्या गल्लीतली गुलाय शुक्रवारी येकातेरिनबुर्गला निघाली आहे, कामाला. तिच्या हाती हे पत्र देते आहे आणि सोबत थोडं कुरुत. या वेळचे दह्याचे गोळे जरा जास्तच खारट झालेत, पण तुला तसेच आवडतात. हातात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. खरं सांगू? फोनवर तू मध्येच हसतेस, "बरं, नातीला दे" म्हणतेस, आणि माझ्या तोंडात आलेला शब्द पुन्हा खाली जातो. गेले चार रविवार असंच झालं. कागद मध्ये बोलत नाही. म्हणून तुला एक विनंती आहे. मधूनच फोन उचलू नकोस, आधी सगळं वाच.

इकडची खुशाली आधी सांगते. नात आता पहिलीत जाते, दोन दात पडलेत आणि बोलताना शिट्टी वाजते. तिची आई, माझी आयदाना, अजून त्या मॉलमध्येच आहे, सुपरमार्केटच्या सगळ्या गल्ल्यांवर देखरेख करते. गळ्यात ओळखपत्र, केस घट्ट बांधलेले. पाहिलंस तर तुला आपली शाळेतली गणिताची बाई आठवेल. संध्याकाळी सातला घरी असते. पायी सहा मिनिटं. बुरुल, तू तिकडे त्या गोदामात थंडीत हातमोजे घालून खोके लावतेस, तेव्हा पायी सहा मिनिटं म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको.

मॉल झाल्यापासून वस्तीत काय काय बदललं हे तू फोनवर विचारतेस आणि मी तुकड्या-तुकड्यानं सांगते. आज सरळ सांगते. बस आता पंधरा मिनिटांनी येते. मोठ्या रस्त्यावर दिवे आहेत. औषधाचं दुकान आलं, त्यामुळे नातीला ताप आला तर शहरात धावावं लागत नाही. हिवाळ्यात पोरं आत वरच्या मजल्यावर गरम जागेत बसून अभ्यास करतात, कोणी उठवत नाही. आणि स्वच्छ संडास! तू हसशील, पण पंचवीस वर्षं बर्फातून परसाकडे जाणाऱ्या बाईला विचार. मला ते आवडलं. मला ते अजूनही आवडतं, हेच तर कठीण आहे. कालमात बाइकेंचं बसथांब्याजवळचं कंटेनरचं दुकान मात्र चार महिन्यांत बंद पडलं. नसीबाच्या पावाच्या भट्टीवर आता फक्त लग्नाच्या ऑर्डरी येतात. बाइके त्याच मॉलच्या पार्किंगमध्ये हिरवं जाकीट घालून ट्रॉल्या गोळा करतात. बासष्टाव्या वर्षी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मान फिरवली, तर त्यांनीच हाक मारली, "लाजतेस काय साइकाल? माझी सगळी गिऱ्हाइकं परत मिळालीत. फक्त आता ती पुढे आणि मी मागे!"

दीड वर्षापूर्वी शाळेच्या आवारात सभा झाली होती, ती तुला मी फोनवर सांगितली होती, पण सगळी नाही. कंपनीचा माणूस एल्दार आला होता, पातळ बूट घातलेला. चिखलातून टाचांवर चालत होता बिचारा. त्यानं चित्रं दाखवली. वस्तीच्या वरच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर मॉल, आणि आपल्या सात घरांच्या मागे, जिथून पाट वाहतो, तिथे पार्किंग. पाट बंद करून पाणी पाइपातून नेणार. कालमात बाइके उठून म्हणाले, "मोठ्या झाडाखाली गवत उगवत नाही, एवढं लक्षात ठेवा." त्यावर नसीबाची सून लगेच, "बाइके, तेरा वर्षं तुमचं खवट लोणी निमूट खाल्लं, आता आम्हाला ताजं खाऊ द्या की!" सगळी सभा हसली, बाइकेसुद्धा. मग आपल्या बातमा आपा उठल्या, काठी टेकत. एक्क्याऐंशी वय. म्हणाल्या, "मला एकदा मरायच्या आधी त्या सरकत्या जिन्यावर उभं राहायचंय. आयुष्यभर मी चढले, एकदा जिन्यानं मला चढवू दे." त्यानंतर विरोध करणार कोण?

आणि मी, या गल्लीची प्रमुख, सर्वांत शेवटी बोलले. मी म्हणाले, आपल्या पोरी लेकरांना मागे टाकून रशियात जातात, तिथे लोकांचे संडास धुतात. इथेच काम मिळत असेल, तर आपण नाही का म्हणायचं? टाळ्या पडल्या. मी बोलताना आयदाना मागच्या बाकावर बसली होती. तिनं तुझ्याकडे यायचं तिकीट काढून ठेवलं होतं, आठवतं ना? तूच तिला तुझ्या खोलीत जागा देणार होतीस. नात माझ्याकडे राहणार होती. त्या दिवसांत पोर रोज सकाळी उठल्या-उठल्या आईचे बूट दारात आहेत का ते बघायची. मी सभेत वस्तीच्या पोरींबद्दल बोलत होते, पण डोळ्यांसमोर ते बूट होते.

एल्दारनं सभेनंतर मला बाजूला घेतलं. पाटाला लागून असलेल्या सातही घरांची लेखी संमती लागेल, एक जरी कमी पडली तरी जमीन कचेरी पाइपाला परवानगी देणार नाही, आणि मग कंपनी दुसऱ्या वस्तीत जाईल, असं तो म्हणाला. स्थानिक मुलींना नोकऱ्या देताना तुमच्या मुलीचं नाव पहिलं, असंही म्हणाला. लाच नव्हती ती, बुरुल. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. आठवड्यात सहा घरांच्या सह्या झाल्या, उरलं फक्त तुझं घर. बातमा आपांनी तर चहा पाजून सही केली.

त्या रविवारी मी तुला विचारलं होतं. तुला आठवत असेल. तू गोदामाबाहेर उभी होतीस, वाऱ्याचा आवाज येत होता. तू हसली नाहीस. म्हणालीस, "साइकाल, मॉल येऊ दे, मला काही नाही. पण पाट बुजवू देऊ नकोस. उतारावरचं पाणी परवानगी घेऊन येत नाही. पाइप किती रुंद आहे ते विचार. मी सुट्टीवर आले की बघू." मी म्हणाले, बरं. तू पाइपाची रुंदी विचारायला सांगितलीस, तर मला राग आला. मनात म्हटलं, हिला काय, ही तिकडे आहे. हिच्या नवऱ्यानं पाट खणला म्हणून आमच्या पोरींनी देशोधडीला लागायचं का? एसेनबेकनं तो कसा खणला, हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? पहिल्या दोन वर्षांत आपण दोघी दोन किलोमीटरवरून बादल्या आणायचो. मग त्यानं सगळ्या गल्लीला हाताशी धरून वसंतात तीन आठवडे खणलं, हाताला फोड आले, आणि पाणी आलं तेव्हा तू चपला घालून त्यात उभी राहिलीस. हे सगळं मला माहीत असताना मला राग आला.

आता ते लिहिते. पाच दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, नात झोपली होती. एल्दार सोमवारी कागद न्यायला येणार होता. मी स्वयंपाकघरात बसले आणि सातव्या ओळीत तुझी सही केली. तुझी सही मला येते, हे तुला ठाऊक आहे. शिवणाच्या कारखान्यात अकरा वर्षं आपण शेजारी-शेजारी मशीनवर बसलो, तुला उशीर झाला की हजेरीच्या वहीत मीच करायची. त्या 'ब'ची शेपटी तशीच वळवली. मी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, कागदाची घडी केली आणि कांदे चिरायला घेतले. आणि तुला रविवारी सांगितलं की बहुमतानं झालं, तुझ्या सहीची गरजच पडली नाही. तू म्हणालीस, "जाऊ दे, लोकांचं भलं होतंय ना?" मी हो म्हणाले.

आयदानानं तिकीट परत केलं. पुढच्या सप्टेंबरात मॉल उघडला. बातमा आपांना मी हाताला धरून नेलं. त्या जिन्यावर पाच वेळा वर गेल्या. खाली यायच्या साध्या पायऱ्यांनी. "उतरायला मला जमतं," म्हणाल्या. तो दिवस फार छान गेला, बुरुल. माझं काही चुकलंय असं त्या दिवशी वाटलं नाही. तुझ्या घराच्या किल्ल्या खिशात होत्या, तरी नाही.

मार्चमध्ये, नूरूझच्या सणाच्या तीन दिवस आधी, बर्फावर पाऊस पडला. दोन दिवस थांबला नाही. डोंगराकडून पाणी उतरलं, फांद्या, दगड, कचरा घेऊन. पाइपाचं तोंड तुंबलं. पूर्वी पाटाला वाट होती, आता वर डांबर. सकाळी दहाच्या सुमाराला पार्किंगच्या भिंतीखालून पाणी आपल्या मागच्या अंगणांत शिरलं, आणि अर्ध्या तासात घरांत गुडघाभर गाळ. मी तुझ्या घराकडे धावले, कुलूप उघडलं, तर दार आतून पाण्यानं दाबलेलं. खिडकीतून आत गेले. तुला मी भिंतीला थोडी ओल आली म्हणून सांगितलं होतं. थोडी नव्हती. पाणी खिडकीपर्यंत होतं. तुझ्या आईनं केलेले दोन्ही शिरदाक गालिचे भिजले. मी आठ दिवस ते कुंपणावर उलटेपालटे केले, पण लाल रंग पांढऱ्यात उतरलाय. मागची भिंत फुगली आहे. राहायच्या आधी ती पाडावी लागेल.

पण ते फक्त घर. बातमा आपा त्यांच्या मागच्या खोलीत होत्या. कच्च्या विटांची भिंत खालून विरघळली आणि आत पडली. कालमात बाइके ट्रॉल्या सोडून तसेच हिरव्या जाकिटात धावत आले. त्यांनी आणि नसीबाच्या सुनेनं हातानं विटा उपसून त्यांना बाहेर काढलं. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण डॉक्टर म्हणाले, या वयात आता चालणं विसरा.

पंधरा दिवसांनी शाळेत पुन्हा सभा. सगळ्यांनी एल्दारला घेरलं, पाट उघडा म्हणून. तो ओरडला नाही, उर्मटपणा केला नाही. त्यानं फाइलमधून कागद काढला आणि शांतपणे म्हणाला, "मलाही वाईट वाटतंय. पण हे बघा, सातही घरांच्या सह्या. पाइप तुमच्या संमतीनं टाकलाय. पाट उघडायचा तर पार्किंग फोडावं लागेल, आणि तशी कंपनीवर काही जबाबदारी नाही." कागद हातोहात फिरला. कालमात बाइकेंनी चष्मा लावून शेवटची ओळ वाचली. "बुरुलची सही? ती तर चार वर्षांत आली नाही." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "बसवाल्याबरोबर कागद पाठवला होता. सही करून परत आला." इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच आश्चर्य वाटलं. बाइकेंनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि कागद पुढच्याच्या हातात दिला.

त्यानंतर जे सुरू झालं, ते तुझ्या कानावर अजून गेलेलं नाही, आणि जायच्या आधी मी सांगितलेलं बरं. लोकांना कोणीतरी हवं होतं. बाकी सहा जण तर समोर आहेत, त्यांची स्वतःची घरं बुडाली, त्यांना कोण काय म्हणणार? उरलीस तू. पाणी भरायच्या जागी बायका बोलायला लागल्या, "नवऱ्यानं खणलेला पाट बाईनं विकला." कोणी म्हणालं, कंपनीनं तुला तिकडे पैसे पाठवले. कोणी म्हणालं, तिला परत यायचंच नाही, तिला काय? मी तिथे बादली धरून उभी होते. मी "असं बोलू नका गं" एवढंच म्हणाले. एवढंच. त्या म्हणाल्या, "तू मैत्रीण आहेस, तू तिची बाजू घेणारच." माझ्या चांगुलपणाचं कौतुक झालं, बुरुल!

गेल्या सोमवारी बातमा आपांना भेटायला गेले. मुलीच्या घरी आहेत, भिंतीकडे तोंड करून. मी सूप घेऊन गेले होते. माझा आवाज ऐकून वळल्या. "सरकता जिना झाला बघून," म्हणाल्या, "आता मीच सरकत नाही." आणि हसल्या. मला रडू आलं तर मलाच दटावलं. "तू कशाला रडतेस? मी सही केली, माझं मी भोगते. मला हवा होता मॉल, अजूनही म्हणते, वाईट नाही. पाण्याला वाट ठेवायला हवी होती, एवढंच. आम्ही अडाणी, आम्हाला नाही कळलं. पण बुरुलला कळायला हवं होतं ना? ती हुशार. एसेनबेकनं स्वतःच्या हातानं... तिनं कशी गं केली सही? मी दुसऱ्या कोणाला नाही, तिला माफ करू शकत नाही." आणि माझा हात धरला. घट्ट.

मी घरी आले, आयदाना यायची वाट बघितली आणि तिला सगळं सांगितलं. ती कोट न काढता तशीच उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आई, तू माझ्यासाठी केलंस असं कोणाला सांगू नकोस. मी मागितलं नव्हतं." मग आत गेली. तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. तिची नोकरी जाईल की राहील, मला माहीत नाही. तिलाही नाही. काल ती कोणाला तरी तिकिटाचा दर विचारत होती.

मंगळवारी मी जमीन कचेरीत जाऊन लेखी दिलं की सातवी सही माझ्या हातची आहे. सहा घरांनी एक वकीलबाई केली आहे. तिनं माझं लिहिणं दोनदा वाचलं. म्हणाली, सातवी संमती खोटी ठरली तर परवानगीच टिकत नाही, पाट उघडावा लागेल, घरांची भरपाईही मागता येईल. मग चष्म्यावरून बघत म्हणाली, "तुमच्यावर मात्र खोट्या सहीचा गुन्हा होईल, समजतंय ना?" मी समजतंय म्हणाले. गल्लीची प्रमुख म्हणून असलेला शिक्का कालमात बाइकेंकडे दिला. त्यांनी तो घेतला आणि एवढंच म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तू कधी सांगतेस ते बघत होतो." पाणी भरायच्या जागी मी स्वतः जाऊन सांगितलं, सगळ्यांसमोर. बादल्या भरून वाहायला लागल्या तरी कोणी नळ बंद केला नाही. आता माझ्याशी तिथे कोणी बोलत नाही. बातमा आपांना अजून सांगायचं आहे. हे पत्र दिलं की तिकडेच जाते.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल एल्दार घरी आला होता. चहा घेतला. म्हणाला, "साइकाल एजे, उगाच कशाला स्वतःला अडकवता? तुमच्या मैत्रिणीनं फोनवर हो म्हटलं असेल, तिच्या सांगण्यावरून तुम्ही सही केली असेल, एवढं तिनं लिहून दिलं तरी तुमच्यावर काही येत नाही. जुनी मैत्रीण आहे, देईल की." तो तुला फोन करणार आहे, बुरुल. नंबर त्याच्याकडे आहे. गोड बोलतो, आणि माझ्याबद्दल काळजीनं बोलेल. मी तुला ओळखते. मी तुझी भिंत फोडली, तुझं नाव मातीत घातलं हे वाचूनही तू रागावशील, शिव्या देशील, आणि मग मला तुरुंगात पाठवायचं तुझ्या जिवावर येईल, आणि तू म्हणशील, हो, मीच सांगितलं होतं. तसं म्हणू नकोस. तू हो म्हणालीस तर मी सुटेन, आणि पाइप तिथेच राहील, आणि पुढच्या वसंतात पाणी पुन्हा त्याच खोल्यांमध्ये येईल. त्याला सांग, "मी नाही म्हटलं होतं." तू खरंच म्हटलं होतंस. या गल्लीत तेवढी एकटी तू म्हटलं होतंस. माझ्यावर दया करायची असेल तर नंतर कर, पाट वाहायला लागल्यावर. आणि नसेल करायची, तर तेही मला कळेल.

तुझी सही करण्याचा हक्क गमावलेली, तरी तुझीच,
साइकाल